पंपघराची किल्ली आणि बायकोचा चष्मा

खिशातला चष्मा आपला नाही, हे मला झरीला चहाच्या टपरीवर कळलं. मोबाइलवर साहेबांचा मेसेज आला होता. तो वाचायला चष्मा लावला, तर अक्षरं चहात भिजवून वाळत घातल्यासारखी दिसायला लागली. काडीला हळदीचं बोट लागलेलं, काचांना खोबरेल तेलाचा वास. म्हणजे चष्मा बायकोचा.

आमचे दोघांचे चष्मे अगदी सारखे आहेत. दुकानात एकावर दुसरा निम्म्यात अशी सवलत होती आणि त्या सवलतीत फक्त काळी फ्रेम बसत होती. तेव्हाच बायको म्हणाली होती, "अहो, एक तरी वेगळ्या रंगाचा घ्या, अदलाबदल होईल." मी म्हणालो होतो, "माझा नंबर तुझ्यापेक्षा जास्त आहे. डोळ्याला लावल्याबरोबर कळेल की!" कळलं खरं. फक्त घर बरंच मागं पडल्यावर कळलं.

शहाण्या माणसानं मोटारसायकल वळवली असती. मला घरी जायचा धीर झाला नाही. सकाळपासून बायको माझ्याशी बोलत नव्हती, आणि अशा वेळी तिच्यासमोर उभं राहून "माझा चष्मा दे" म्हणायचं म्हणजे आपण होऊन हजेरी लावण्यासारखं. मी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि शेवटी चहावाल्याकडूनच मेसेज वाचून घेतला. त्यानं मोठ्या आवाजात, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असा वाचला : "काम झाल्यावर किल्ली विसरू नका."

त्या किल्लीपायीच तर घरात अबोला होता.

परभणीत माझं मोटारींचे पॅनल बांधायचं लहानसं दुकान आहे. येलदरीच्या अलीकडं, पूर्णेच्या काठावर एक पंपघर आहे. नदीचं पाणी उचलून दहा-बारा गावांच्या टाक्यांना द्यायचं, हे त्याचं काम. आत तीन मोटारी. प्रत्येक मोटारीच्या पॅनलमध्ये एक रिले बसवलेला. रिले म्हणजे मोटारीचा पहारेकरी समजा. मोटार जास्त करंट ओढायला लागली, तीनातला एक फेज गेला, नदीकाठच्या विहिरीतलं पाणी खाली गेलं, की तो स्वतःहून मोटार बंद करतो. आता त्याला जे कळतं ते तो समोर उभ्या माणसालाच सांगणार. लांबच्याला सांगायला त्याला तोंड नाही. ते तोंड बसवायचं काम माझ्याकडं आलं होतं. प्रत्येक रिलेशेजारी दोन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्यात एवढ्या आकाराचा एक मॉड्यूल लावायचा, तिन्ही मॉड्यूल एका वायरीत ओवायचे, आणि ती वायर सिमकार्डाच्या एका डब्याला जोडायची. मग तालुक्याच्या ऑफिसात साहेबांच्या पडद्यावर तिन्ही मोटारी दिसणार. साहेब तिथूनच त्या चालू करणार, तिथूनच बंद.

गुत्तेदारानं काम माझ्याकडं दिलं तेव्हा मी खूश होतो. असे मॉड्यूल मी याआधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये बसवले होते, म्हणजे आपण आता यातले जाणकार, अशी माझी माझ्याबद्दल समजूत. पंपघर कुठलं ते नंतर कळलं. तिथला ऑपरेटर म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ.

तो तिथं बावीस वर्षं आहे. त्याआधी त्यांचं सगळं घर दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं. बायको लहान असताना आईबाप फडात, आणि ही या भावाला कडेवर घेऊन पाचटाच्या कोपीपाशी बसलेली. त्याला पंपघरावर घेतलं आणि त्या घरचा कोयता खुंटीला लागला, तो अजून खुंटीलाच आहे. पण त्याची नेमणूक दर वर्षी पुढं वाढवावी लागते. वाढवताना कागदावर एकच कारण असतं : मोटारी चालू-बंद करण्यासाठी.

पॅनलवर एक किल्लीचा स्विच आहे. किल्ली डावीकडं असेल तर पंपघरातली बटणं चालतात, उजवीकडं आजवर सगळं बंद असायचं, आता तिकडं ऑफिसातली चालणार. साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, काम झालं की किल्ली उजवीकडं फिरवायची, काढून घ्यायची आणि ऑफिसात आणून द्यायची. मग कागदावर काय कारण उरणार, हे कळायला फार शिकलेलं असायची गरज नव्हती.

आणि मी हे बायकोला सांगितलं कसं? सकाळी चहा पिता पिता, येताना कोथिंबीर आणतो म्हणावं तसं : "आज तुझ्या भावाकडची किल्ली आणायची आहे."

तिनं खुलासा विचारला. मी केला. मग ती ओट्याकडं वळली. धपाटी केली, शेंगदाण्याची चटणी केली, दोन पुड्या बांधल्या. एक पातळ, एक जाड. जाड भावाची होती हे विचारायची गरज नव्हती. मी कपाटावरचा चष्मा उचलला आणि निघालो. घाईत कोणता उचलला ते तुम्हाला कळलंच आहे.

पंपघरापाशी पोचलो तेव्हा मेहुणा दारातच उभा होता. माझ्या पायाला हात लावायला वाकला, मी नेहमीसारखा "राहू दे, राहू दे" म्हणालो, आणि त्यानं नेहमीसारखा लावलाच.

"या दाजी. आक्का कशी हाय?"

"बरी आहे. धपाटी दिलीत."

"बोलायलीय का?"

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

"तुला कोणी सांगितलं?"

"सकाळीच फोन आलता तिचा." तो हसला. "मी म्हणलं, आक्का, त्या माणसाला खामखा तकलीफ नको देऊ. ते न्हाई आले तर दुसरा कोणी येईल. दुसऱ्याला काय, मी चहा पाजणार हाय का?"

मग त्यानं खिशातून एक रुमाल काढला. रुमालाच्या गाठीत किल्ली होती. ही किल्ली बावीस वर्षं त्याच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली असायची. करदोडा काढायचा नाही, तोडायचा नाही, त्यामुळं किल्ली हरवायचा प्रश्नच नाही, असं तो सांगायचा. लग्नकार्यात सुद्धा जेवायला मांडी घालून बसला की किल्ली ताटाच्या कडेला टणकन लागायची आणि आमच्याकडची बायामाणसं हसायची. ती त्यानं माझ्या येण्याआधीच सोडून ठेवली होती. मला मागायची वेळ येऊ नये म्हणून.

मी रुमाल घेतला आणि वरच्या खिशात ठेवला. आणि लगेच बॅग उघडली.

काम सोपं असतं, डोळे असले तर. मॉड्यूलच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे सहा स्विच असतात. ते वर-खाली करून प्रत्येक मॉड्यूलला आपला आपला नंबर द्यायचा. ऑफिसातून हाक येते ती नंबरानं येते. दोघांना एकच नंबर दिला तर दोघं एकदम बोलतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही. सगळ्यांचा बोलायचा वेगही एक ठेवावा लागतो. आणि वायर एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं न्यायची, पंगतीत वाढत जावं तशी. मध्येच फाटा फोडायचा नाही.

बायकोच्या चष्म्यातून मला मॉड्यूल दिसत होता. स्विच आहेत एवढंही दिसत होतं. ते वर आहेत की खाली, हे मात्र श्रद्धेवर सोडावं लागत होतं.

"काय झालं दाजी? लांबून बघायलाव, जवळून बघायलाव. स्थळ बघायला आलाव का?"

"चष्मा तुझ्या बहिणीचा आहे."

तो इतका हसला की पॅनलला टेकला. मग त्यानं मॉड्यूल माझ्या हातातून घेतला, दाराच्या उजेडात धरला. "सांगा. माझे डोळे अजून साबूत हायेत."

मग मी सांगत गेलो आणि तो करत गेला. "पहिला वर, बाकी सगळे खाली." तो पातळ पेचकसानं दाबायचा. "झालं." "आता हा दुसरा. याचा दुसरा वर, बाकी खाली." "झालं." "तिसऱ्याचा पहिला आणि दुसरा, दोन्ही वर." डावीकडच्या पॅनलपासून सुरुवात करून एक, दोन, तीन असे आम्ही तिन्ही मॉड्यूल रिलेच्या शेजारी खटकन बसवले. वायरीची टोकं लावताना तिसऱ्यावर मी दोन तारांची अदलाबदल केली. तिथला दिवा लाल लुकलुकायला लागला, तेव्हा बारीक अक्षरं वाचून चूक त्यानंच दाखवली. "दाजी, इथं ए लिहिलंय, तिथं बी. तुमी ए-ला बी जोडलाय." तार सुधारली आणि तिन्ही दिवे हिरवे झाले.

ज्याची किल्ली जायची, तोच माणूस माझ्यासाठी दिवे हिरवे करून देत होता. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन आलो.

परत आलो तर तो खाली पंपांच्या खोलीत उतरत होता. पॅनलची खोली वर आणि पंप पाच-सहा पायऱ्या खाली, मध्ये भिंत, अशी तिथली रचना. तो म्हणाला, "नवीची ग्लँड गळायलीय, तिला दोरी भरतो. तवर तुमचं चालू द्या."

नवी म्हणजे एक मोटार. त्यानं तिघींना नावं ठेवलेली होती : थोरली, धाकटी आणि नवी. योजना सुरू झाली तेव्हा थोरली आणि धाकटी आल्या, नवी मागाहून बसवली. दसऱ्याला तिघींची पूजा होते, थोरलीला हार मोठा असतो. हे मला ठाऊक होतं. मेहुण्याची गंमत म्हणून ठाऊक होतं. त्यापलीकडं मी कधी विचार केला नव्हता.

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, तिन्ही दिवे हिरवे आहेत. चालू करून बघा."

"एक नंबर चालू करतो," साहेब म्हणाले.

मी भिंतीपलीकडं ओरडलो, "एक नंबर चालू करायलेत रे!"

"करू द्या!" खालून आवाज आला. "थोरली तयारच हाय!"

मी किल्ली रुमालातून काढून उजवीकडं फिरवली आणि डावीकडच्या पॅनलसमोर ऐटीत उभा राहिलो. रिलेच्या आत टिक् असा आवाज झाला. म्हणजे ऑफिसाची हाक पोचली. आणि पुढं काहीच झालं नाही. मोटार ढिम्म.

"पडद्यावर येतंय, चालू करायला सांगितलं, चालू झाली नाही," साहेब म्हणाले.

"परत दाबा."

टिक्. परत काही नाही.

पुढचा तासभर मी काय काय केलं ते सांगत बसत नाही, कारण त्यातलं काहीच करायची गरज नव्हती. वायरी सोडल्या, परत लावल्या. वेग तपासला. वायरीच्या शेवटच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर लावावा लागतो, तो सांडला, आणि मी गुडघ्यावर बसून, बायकोच्या चष्म्यातून, फरशीवर शोधत राहिलो. घाम आला. मधूनमधून साहेबांचा फोन. शेवटच्या फोनला त्यांचा आवाज बदललेला होता.

"तिथं तो ऑपरेटर आहे ना? त्यानंच काही काढूनबिढून ठेवलं नाही ना? ही माणसं नवीन काही चालू देत नाहीत."

ऑपरेटर माझा कोण लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. मी जरा रागानंच म्हणालो, "नाही साहेब. तो तसला माणूस नाही. त्यानंच मला मदत केली." आणि फोन ठेवला.

एवढ्यात मेहुणा पायऱ्या चढून वर आला. कोपरापर्यंत ग्रीस, बोटांना दोरीचे धागे चिकटलेले. "अजून न्हाई झालं?"

"एक नंबर चालू होईना रे."

"थोरली? तिला काय धाड भरली?" असं म्हणत त्यानं मनगटानं मधल्या पॅनलला थोपटलं.

"तो दोन नंबर आहे. हा एक." मी डावीकडं बोट केलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. "हा एक? कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? डावीकडून पहिला."

"दाजी, आपल्या घरात पोरींना थोरलीपासून मोजतात का दारापासून? थोरली आधी आली, तिला मधी बसवली. ती एक. धाकटी उजवीकडं, ती दोन. हिला मागून आणली, तवा डावीकडंच जागा उरली होती. ही नवी. ही तीन. बावीस वर्षं रजिस्टरात मी असंच लिहायलोय. ऑफिसात बी तेच रजिस्टर हाय."

मग त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं, पण आधी त्याच्या. तो हळूच म्हणाला, "म्हणजे तासभर तुमी नवी चालू करायलाव."

त्यानं सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घालून पांढऱ्या चिनीमातीचा फ्यूज बाहेर काढला. "तिचा फ्यूज तर माझ्या खिशात हाय."

त्या फ्यूजशिवाय मोटार चालू होणार नव्हती. रिलेला मी वेगळी वीज दिली होती, म्हणून दिवा हिरवा, हाक पोचते, टिक् वाजतं आणि मोटार मात्र ढिम्म. एवढा साधा प्रकार. आणि मी फरशीवर रांगत होतो.

हसू यायला पाहिजे होतं. मला त्याच्या बोटांचे धागे दिसत होते. ते धागे नवीच्या ग्लँडमध्ये भरायच्या दोरीचे होते. ग्लँड असते ती फिरणाऱ्या दांड्याभोवती, पाणी गळू नये म्हणून. साहेबांनी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्याचे दोन्ही हात त्या दांड्यावर होते. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हाही. तासाभरात किती वेळा दाबलं ते मी मोजलेलं नाही.

"फ्यूज का काढलास?" मी विचारलं.

"हात घालायचा म्हणल्यावर फ्यूज खिशात. पहिल्या दिवसापासून तसंच हाय. किल्ली आपल्याच कमरेला असली तरी बी." तो फ्यूज पुसत म्हणाला. "आज तर किल्ली बी माझ्यापाशी न्हवती."

मी खाली स्टुलावर बसलो. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं. तेवढ्यात फोन वाजायला लागला. साहेबच.

"घेऊ नका लगेच," मेहुणा म्हणाला. "आधी ऐका. साहेबाला सांगा, ऑपरेटरनं फ्यूज काढून ठेवलता, म्हणून झालं न्हाई. खोटं न्हाई ना त्यात? काढलाच व्हता मी."

"आणि नंबर?"

"नंबर आत्ता बदलून टाकू गुपचूप. तुमाला अजून लय पंपघरं करायचीत. त्यांनी तुमचं काम काहून बंद करावं? माझं तर जायचंच हाय."

खरं सांगतो, मी क्षणभर विचार केला. साहेबांनी उत्तर आधीच तयार करून ठेवलेलं होतं. मला फक्त "हो, त्यानंच काढला होता" एवढं म्हणायचं होतं, आणि त्यातला एकही शब्द खोटा ठरला नसता. दुसरीकडं चष्मा होताच. "साहेब, आज चष्मा बदलला, म्हणून नंबर चुकले" असंही खपलं असतं. पण चष्म्यानं काय केलं होतं? स्विच मेहुण्यानं अगदी मी सांगितले तसेच लावले होते. चुकीचं मी सांगितलं होतं, आणि तेही विचारलं नाही म्हणून. ज्याला तिन्ही मोटारींचा जन्म माहीत, तो शेजारी उभा होता आणि मी डावीकडून मोजत सुटलो होतो.

फोन घेतला.

"साहेब, चूक माझी आहे. तुमच्या रजिस्टरातली एक नंबर मधे आहे. मी डावीकडून मोजलं. तुम्ही दाबत होता एक, इथं हाक जात होती तीनला. तीनचं काम चालू होतं. ऑपरेटरचे हात तिच्यात होते. त्यानं फ्यूज काढून खिशात ठेवला होता, म्हणून ती फिरली नाही."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हात मशीनमध्ये होते?"

"हो साहेब."

"मी दाबत होतो तेव्हा?"

"हो."

मग साहेब म्हणाले, "तुम्ही न विचारता नंबर टाकले."

"हो साहेब."

"पुढच्या पंपघराचं काम तुमच्याकडं द्यायचं की नाही, ते मी गुत्तेदाराशी बोलतो."

"बरं साहेब."

मी फोन खाली घेणार एवढ्यात ते पुन्हा बोलले, या वेळी जरा सावकाश. "मला इथून काही दिसत नाही हो. पडद्यावर हिरवा ठिपका होता. मी बटण दाबत राहिलो." मग म्हणाले, "ती किल्ली आणू नका. ऑपरेटरकडंच राहू द्या. त्यानं तिथून किल्ली फिरवून 'हो' म्हटल्याशिवाय इथून कोणी दाबणार नाही, असं मी लिहून घालतो. वरचे काय म्हणतील माहीत नाही. पण मी घालतो."

फोन स्पीकरवर नव्हता. तरी मेहुण्याला माझ्या तोंडावरून समजलं असावं, कारण तो एकदम वळून माठावर झाकण ठेवायला लागला. झाकण आधीच ठेवलेलं होतं.

मेहुण्यानं आधी किल्ली डावीकडं फिरवली, मग आम्ही नंबर बदलले. मधली एक, उजवीकडची दोन, डावीकडची तीन. बदलल्यावरही साहेबांच्या पडद्यावर मोटारी जुन्याच नंबरांनी दिसत होत्या. मग आठवलं, नवा नंबर दिल्यावर त्या मॉड्यूलची वीज एकदा बंद करून परत द्यावी लागते, तोवर तो जुनाच धरून बसतो. मेहुणा म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारखंच हाय. एकदा झटका लागल्याशिवाय ऐकत न्हाई." मी तिन्ही मॉड्यूलची वीज बंद करून परत दिली.

त्यानं ग्लँड आवळली. हात धुतले. खिशातला फ्यूज बसवला. तिन्ही पॅनलसमोरून एकदा चालत गेला आणि मगच किल्ली उजवीकडं फिरवली. "सांगा साहेबाला, हो म्हणून." मी फोनवर सांगितलं. मधल्या पॅनलमध्ये टिक् झालं, मोटारीला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर धाडकन ओढला गेला आणि खाली थोरली घुमायला लागली. मग धाकटी. मग नवी. साहेबांनी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले, मी रिलेवरचे सांगत गेलो, म्हणजे मेहुणा वाचत गेला आणि मी फोनवर सांगत गेलो. सगळे जुळले.

मग आम्ही दारातल्या निंबाखाली धपाटी खाल्ली. त्यानं जाड पुडी माझ्यापुढं सरकवली आणि पातळ स्वतः घेतली. मी म्हणालो, "तुझी ती आहे." तो म्हणाला, "आक्काला काय कळतंय, कोणी कोणती खाल्ली ते." निघताना त्यानं शेजारच्या रानातनं हरभऱ्याचे डहाळे उपटून गाडीला बांधले, आणि मग पाठ करून, सदरा वर करून, किल्ली करदोड्याला बांधायला लागला. गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला. मी गाडीवर बसून नदीकडं बघत राहिलो.

परभणीला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. बायको ओट्यापाशी उभी होती. माझा चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. दिवसभर तो लावून तिनं डाळ निवडली होती आणि दिवसभर डोकं दुखत होतं, हे मला नंतर मुलीकडून कळलं. तिनं डहाळे घेतले, धपाट्यांची रिकामी पिशवी घेतली, आणि सकाळपासूनचा पहिला शब्द बोलली :

"किल्ली?"

"त्याच्या करदोड्याला."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. नंबर, फ्यूज, साहेब, सगळं. हात मशीनमध्ये होते ते सांगायचं नाही असं रस्ताभर ठरवलं होतं, तेही सांगून बसलो. तिनं भावाला लगेच फोन लावला नाही. डहाळ्यातला एक घाटा सोलला, दाणे तसेच हातात धरून ठेवले.

"आणि तुमचं पुढचं काम?"

"बघू म्हणाले."

"बरं." थोड्या वेळानं तिनं ते दाणे माझ्या हातावर ठेवले.

मी खिशातून चष्मा काढून ओट्यावर ठेवला. काचेवर ग्रीसचं एक बोट उमटलं होतं. मी म्हणालो, "सगळा घोटाळा या चष्म्यानं केला बघ. दिवसभर धड काही दिसलं नाही."

तिनं डोळ्यांवरचा माझा चष्मा काढून ठेवला, आपला उचलला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या, डोळ्यांना लावला आणि माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "चष्मा माझा होता, म्हणून तेवढं तरी दिसलं तुमाला."